पाण्याच्या पाळीला पडणारा खटका

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. परंतु केवळ आठवते म्हणून मी ती लिहीत नाही. लिहिण्यास नवे कारण घडले आहे आणि ते योग्य जागी सांगेन. पोलीस खात्यातील सवय जात नाही, म्हणून आधी घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो.

घराचे काम संपत आले तो आठवडा: बाथरूमवरच्या माळ्यावर, पाण्याच्या टाकीला खेटून विजेवर चालणारे यंत्र ठेवले गेले. जबाबदार, माझ्या मते, साउंड सिस्टीमचे दुकान चालवणारे गृहस्थ.

धोंड्याच्या महिन्यात जावई येण्याची आदली संध्याकाळ: घराचे रक्षण करणारा खटका निकामी करण्यात आला. जबाबदार, तसे करायला सांगणारे घरमालक आणि तसे करणारा वायरमन.

त्याच्या पुढच्या महिन्यातील पाण्याच्या पाळीची सकाळ: घरमालकांच्या पत्नीचा मृत्यू. जबाबदार, वरील तिघेही.

यांपैकी दोघे आरोपी म्हणून न्यायालयाची पायरी चढले. तिसरे चढले ते केवळ साक्षीदार म्हणून. मी कोणाचेही नाव घेणार नाही. ज्यांनी ओळखायचे ते स्वतःला ओळखतील.

मी त्या वेळी बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्याच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आठवडा उलटून पाळी येते आणि त्या सकाळी सबंध गल्ली जागी असते. हंडे, बादल्या, ड्रम, कढयासुद्धा भरल्या जातात. बाथरूमच्या छतावर माळा आणि माळ्यावर प्लास्टिकची टाकी ही आपल्या घरांची ठरलेली रचना आहे. मोटार लावून टाकी भरायची आणि ती वरून वाहू लागली की भरली असे समजायचे.

अशाच एका पाळीच्या सकाळी आमचे बीट जमादार ठाण्यात आले आणि माझ्या टेबलाजवळ उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, त्या नव्या कॉलनीत एक बाई वारली. चक्कर येऊन पडली म्हनतात. पन गिरणीवाला सांगून राह्यला, का बाईच्या तळहातावर काळा डाग हाय. अन् तिरडी बांधाले घाई चालू हाय."

गिरणीवाल्याची माहिती फुकट जात नाही, असा माझा अनुभव होता. दळण घेऊन येणाऱ्या बाया बोलतात आणि तो ऐकतो. आम्ही निघालो.

घर नवे, दोन मजली, रंगाचा वास अजून न गेलेला. घरमालक सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. एकच मुलगी, ती लग्न होऊन पुण्यात. तिच्या फ्लॅटमधील बाथरूमच्या छतात स्पीकर बसवलेले होते. अंघोळ करताना वरून गाणे ऐकू येई. ते पाहून आल्यावर या गृहस्थांनी आपल्या घरातही तसेच करून घेतले होते. वास्तुशांतीला आलेले पाहुणे देवघराआधी बाथरूम पाहायला रांग लावत, असे मला नंतर समजले.

अंगणात बांबू आलेले होते. मृत बाईंचे धाकटे भाऊ पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, घरची लक्ष्मी गेली हो आमची. आता तिची चिरफाड करता काय?"

हा प्रश्न मला नोकरीत अनेकदा ऐकावा लागला आहे. लोक मृत्यू लपवतात तो दर वेळी गुन्हा केला म्हणून नव्हे. बहुतेकदा ते शवविच्छेदनाला भितात. मी त्यांना सांगितले, "तुमच्या बहिणीचा जीव कशाने गेला, हे तुम्हाला कळायला नको का?" ते बाजूला झाले. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा केला आणि मृतदेह सरकारी दवाखान्यात पाठवला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला आहे आणि वीज उजव्या तळहातातून शिरली आहे.

वीज कंपनीच्या लाइनमनला बरोबर घेऊन आम्ही बाथरूम तपासले. आत जाताच आमच्या जमादारांनी सवयीने नळाकडे हात नेला. लाइनमन ओरडला, "हात मांगं घ्या!" त्याने टेस्टर लोखंडी नळाला लावला आणि टेस्टरचा दिवा लागला. घराचा पुरवठा तोडल्यावरच आम्ही पुढचे काम केले.

चूक अशी होती. छतातील स्पीकरला आवाज पुरवणारे यंत्र, म्हणजे अँप्लिफायर, माळ्यावर टाकीला टेकवून ठेवले होते आणि त्याचा प्लग तिथेच पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डात होता. टाकी वाहिली की पाणी यंत्राच्या डब्यात जाई आणि पत्र्याच्या डब्यात वीज उतरे. अशी वीज जमिनीत जावी म्हणून अर्थिंग असते. वायरमनने ते जुन्या रिवाजाप्रमाणे बाथरूमच्या लोखंडी पाइपाला बांधले होते. पूर्वी हे चालून जाई, कारण पाइप थेट जमिनीत उतरलेला असे. या घरात भिंतीपुरता पाइप लोखंडाचा आणि बाहेरचा सगळा प्लास्टिकचा. ओल्या भिंतीतून झिरपेल तेवढी सोडली, तर विजेला जमिनीपर्यंत पोचायला वाटच नव्हती, ती नळात येऊन थांबली. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या बाईंनी नळ फिरवला आणि विजेला वाट मिळाली.

तरीही जीव वाचायला हवा होता. अशी वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका, ज्याला वायरमन लोक ईएलसीबी म्हणतात, तो त्या घरात बसवलेला होता. पण त्याच्या मागच्या बाजूने तारा एकमेकींना जोडून त्याला बगल दिलेली होती. बोलीत ज्याला 'डायरेक्ट करणे' म्हणतात ते. खटका दिसायला वर होता आणि कामाला शून्य.

दुपारी घरमालकांनी वायरमनविरुद्ध फिर्याद दिली. त्यांचे मेव्हणे, म्हणजे मृत बाईंचे धाकटे भाऊ, मात्र तेवढ्यावर समाधानी नव्हते. वायरमनने आपले निकृष्ट काम लपवण्यासाठी जाणूनबुजून खटका तोडला, सबब त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचे कलम लावा, अशी त्यांची मागणी होती. ठाण्यासमोर नातेवाईक जमले. फरक वाचकांनी समजून घ्यावा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्यात जामीन मिळतो. सदोष मनुष्यवधात माणूस आत जातो आणि बाहेर कधी येईल ते सांगता येत नाही. वायरमन देऊळघाटकडचा, घरात म्हातारी आई आणि दोन लहान मुली. तारा त्याने स्वतःच्या मनाने जोडल्या की कोणाच्या सांगण्यावरून, एवढ्या एका गोष्टीवर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून होते.

त्याला आणले. जमादारांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. "काऊन बे, कामं घेताना त लय बोलत होता. आता मुका झाला काय?"

"वायरी मीच टाकल्या साहेब. ते कबूल हाय."

"अन् खटका कोनं डायरेक्ट केला? तुह्या भुतानं?"



मी जमादारांना थांबवले आणि विचारले, "तुला कोणी सांगितलं होतं का?"

"मले आठवत नाही, साहेब."

खोटे बोलणारा माणूस तपशील देतो, घाबरलेला माणूस विसरतो. त्याला बसू दिले, चहा दिला आणि मी घरमालकांचा जबाब पुन्हा घेतला.

"खटक्याबद्दल तुम्हाला काय माहिती होती?"

"मला त्यातलं काही कळत नाही साहेब. मी कागदावरचा माणूस. वायरमनने काय केलं ते त्यालाच ठाऊक."

उत्तर नीट होते. परंतु पंचनाम्याच्या वेळी मी "बोर्ड कुठे आहे?" असे विचारले, तेव्हा या गृहस्थांची नजर मीटरकडे किंवा मुख्य स्विचकडे गेली नव्हती. ती सरळ त्या खटक्यावर गेली होती आणि लगेच दुसरीकडे वळली होती. ज्याला काही कळत नाही, त्याची नजर नेमकी तिथे कशी जाते? फिर्यादी आणि आरोपी दोघेही एकच गोष्ट टाळत होते. माझ्या अनुभवात हे क्वचित घडते आणि घडते तेव्हा तपास त्याच गोष्टीचा करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्या गल्लीत गेलो. शेजारच्या घरात एक वयस्क बाई राहत होत्या. त्यांच्या मोरीची खिडकी या बाथरूमच्या खिडकीसमोर होती. त्या ज्वारी पाखडत होत्या. पोलीस आहे म्हटल्यावर सूप खाली ठेवले नाही, ही गोष्ट मला आवडली.

"मावशी, त्या बाथरूममध्ये गाणी लागायची ना?"

"लागत होती म्हंजे? साऱ्या गल्लीले ऐकू ये. आमचे हे म्हनत, सायबाचं बाथरूम आपल्या रेडूपेक्षा बरं गाते." त्या थोड्या हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. "पन पानी आलं का त्यायची लाईन जायेच. गानं चालू रे चालू, अन् मधातच खट्ट! आम्ही म्हनो, घ्या, बाथरूम घाबरलं. मंग हे बाई शिडी लावून तो खटका वर करे, अन् खिडकीतून मले म्हने, मावशी, हासू नका जी."

"दर पाळीला असं व्हायचं?"

"दर पाळीले. जावाई येऊन गेले, तवापासून नाही झालं. मी तिले इचारलं बी, आता नाही जात वं तुमची लाईन? त म्हने, यायनं सुधरवून घेतली, मावशी. सुटली मी त्या शिडीपासून."

'लाईन' म्हणजे वीज आणि 'यायनं' म्हणजे नवऱ्याने. मी तिथेच ओसरीवर बसलो. मला हवे ते मिळाले होते, पण त्याचा आनंद झाला नाही.

त्या गल्लीतील प्रत्येकाने तो खटका पडताना ऐकला होता. टाकी वाहिली की तो पडत होता, म्हणजे दर पाळीला तो एकच गोष्ट सांगत होता की या घरात पाणी आणि वीज एकत्र येत आहेत. लोक हसले, घरच्यांनी तो वर केला आणि अखेरीस त्याचे तोंड बंद केले.

मावशींचा जबाब नोंदवला. वायरमनच्या फोनचा तपशील मागवला. त्यात जावई येण्याच्या आदल्या संध्याकाळी घरमालकांचा फोन आला होता. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात ग्राह्य धरली जात नाही, म्हणून हे दोन धागे हाती येईपर्यंत मी घरमालकांना बोलावले नव्हते. मग बोलावले. माझ्या खोलीचे दार उघडेच ठेवले. मेव्हणे बाहेर बाकावर बसलेले होते.

मी म्हणालो, "तुमच्या पत्नीने शेजारच्या मावशींना एक गोष्ट सांगितली होती. तुम्ही लाईन सुधरवून घेतली आणि ती शिडीपासून सुटली."

त्यांनी विचारले, "ती असं म्हनली?"

"हो."

कार्यालयात घासून घेतलेली त्यांची भाषा गळून पडली. "धोंड्याचा महिना होता साहेब. जावाईबापू येनार. त्यायले पाटावर बसवून, उटनं लावून अंघोळ घालाची, वरून गानं चालू. अन् नेमकी पान्याची पाळी त्याच दिवशी. मधातच खट्ट झालं असतं, अंधार झाला असता, त काय शोभा राह्यली असती? म्या वायरमनले फोन केला. तो नाही म्हने. म्या म्हटलं, मालक मी हावो का तू? डायरेक्ट करून टाक."

"जावई गेल्यावर परत का जोडून घेतला नाही?"

"तिले शिडीवर चढा लागे. गुडघे दुखत तिचे. म्हटलं, राहू दे."

बाहेर बाक सरकल्याचा आवाज झाला. मेव्हणे दारात उभे होते. मला वाटले, आता हे अंगावर धावून जातील. ते आत आले, घरमालकांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "भाऊजी, घरी चला," आणि मग माझ्याकडे वळून, "त्या पोराले सोडा साहेब. आमचं काही म्हननं नाही."

मी त्यांना सांगितले की सोडणे किंवा न सोडणे हे आता त्यांच्या किंवा माझ्या हाती नाही. सदोष मनुष्यवधाचे कलम लागले नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल वायरमन आणि घरमालक दोघांवर गुन्हा कायम केला आणि वायरमन जामिनावर घरी गेला. जाताना म्हणाला, "मी बी शेवटपर्यंत नाही म्हनाले पाह्यजे होतं, साहेब. अन् मालकाचं नाव घ्याले भेलो." मी त्याला 'तू निर्दोष आहेस' असे म्हटले नाही, कारण तो निर्दोष नव्हता. अर्थिंग त्याने नळाला बांधले होते आणि नाही म्हणायचे काम त्याने अर्ध्यावर सोडले होते. विद्युत निरीक्षकांना नियमाप्रमाणे अहवाल गेला, दोषारोपपत्र दाखल झाले आणि कायद्याने आपले काम केले.

राहिले साउंडवाले गृहस्थ. यंत्र माळ्यावर कोणी ठेवले, असे विचारता ते म्हणाले, "मी साउंडचा मानूस साहेब. लाईन माही नाही. डबा कुठं ठेवाचा ते मालक सांगते, आम्ही ठेवतो." घरमालकांचे म्हणणे असे, "मी बेडरूमच्या कपाटात ठेवा म्हटलं होतं. हेच म्हणाले, वायर भिंतीवरून दिसेल, माळ्यावर टाकू, कोणाला दिसणार नाही." तिसरा माणूस त्या वेळी हजर नव्हता. पुरावा नव्हता. मी त्यांना आरोपी केले नाही, कारण मत आणि पुरावा यांतला फरक पाळण्याचाच पगार मी आयुष्यभर घेतला.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे की माणसे संकटाची सूचना ऐकू आली नाही म्हणून मरतात असे नव्हे. सूचना ऐकू येते, ती अडचणीच्या वेळी येते आणि पाहुण्यांसमोर शोभत नाही, म्हणून बंद केली जाते. ठाण्यातही मी हेच पाहिले. जो साक्षीदार खरे बोलून सगळ्यांचा खोळंबा करतो, त्यालाच आधी गप्प केले जाते आणि त्यानंतरची शांतता सर्वांना आवडते. त्या घरात महिनाभर अशी शांतता होती आणि ती बाई त्या शांततेवर खूश होती.

बाथरूममध्ये गाणे ऐकू नये, असे माझे म्हणणे नाही. नंतर मी याविषयी जाणकारांना विचारले, पुस्तके वाचली. रीत अवघड नाही. यंत्र बाथरूमच्या बाहेर, कोरड्या आणि हवा खेळणाऱ्या जागी ठेवावे, टाकीच्या माळ्यावर तर कधीच नाही. आत न्यायची ती फक्त स्पीकरची बारीक तार. विजेचा प्लग, जोड किंवा एक्स्टेंशन बोर्ड छताच्या आत किंवा वर असू नये. स्पीकर दमट जागेसाठी बनवलेलेच घ्यावेत. अर्थिंगसाठी जमिनीत स्वतंत्र खड्डा करावा, नळाचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे. आणि खटका वारंवार पडत असेल, तर खटका बदलण्याआधी तो कशामुळे पडतो ते शोधावे. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबावे. दाबूनही खटका पडला नाही, तर घरातील कोणी अंघोळीला जाण्याआधी जाणत्या वायरमनला बोलवावे.

आता लिहिण्याचे कारण. अलीकडेच वडनेर भोलजीला एका नातलगाच्या नव्या घरी जाण्याचा योग आला. यजमानांनी कौतुकाने बाथरूम दाखवले. छतातून गाणे येत होते. मी शिडी मागितली. लोकांना वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. माळ्यावर टाकी होती आणि टाकीला खेटून यंत्र, शेजारी एक्स्टेंशन बोर्ड. "कोणी बसवलं?" म्हणून विचारले, तर त्याच दुकानाचे नाव सांगितले. "ते लय भारी काम करतात, काका. वायर कुठंच दिसत नाही."

मी तिथेच प्लग उपटला आणि यंत्र खाली आणले. यजमान नाराज झाले, जेवणाच्या पंगतीत माझ्याशी कोणी धड बोलले नाही. तेव्हापासून मी त्या दुकानदारांना पत्रे पाठवत आहे. पोचपावत्या माझ्यापाशी आहेत, उत्तर एकही नाही. वीज खात्याच्या संबंधित कार्यालयालाही लिहिले. 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव पुढे पाठवण्यात आला आहे' एवढेच कळवण्यात आले. पुढे म्हणजे कोठे, ते कळवलेले नाही.

म्हणून आता जाहीरपणे विचारतो. महाशय, आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर म्हणालात की डबा कुठे ठेवायचा ते मालक सांगतो. ठीक आहे. मग वडनेर भोलजीच्या मालकांनी आपणास काय सांगितले होते? मी त्यांना विचारले आहे. ते म्हणतात, त्यांना जागेबद्दल कोणी विचारलेच नाही. त्या बाईंच्या मृत्यूनंतर आपण जिल्ह्यातील किती घरांत पाण्याच्या टाकीशेजारी ही यंत्रे ठेवली? ती घरे कोणती? तेथे जाऊन आपण ती कधी काढणार? खासगीत मला भेटायला येऊ नये, फोन करू नये. ज्या लोकांच्या घरांत आपण काम केले आहे, त्यांना वाचता येईल अशा ठिकाणी, आपल्या नावानिशी आणि सहीनिशी उत्तर द्यावे. तेही पाण्याच्या पुढच्या पाळीआधी.